सदतीस उजवे

पडला तो डावा कळा.

पडला म्हणजे काय, तर देवीच्या डाव्या खांद्यावरून सुटला, खालच्या तांदळांवर टेकला आणि तिथं लाल टिंबासारखा राहिला. एवढ्याशा कळ्याचा आवाज व्हायचं काही कारण नव्हतं. तरी वल्लरीला टक् असं काहीतरी ऐकू आलं आणि तिनं आधी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. तिनंच तो बंद केला होता. मग घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं. उजवा कळा अजून जिथल्या तिथं होता, नुकता लावल्यासारखा ताठ. पडायला हवा होता तो. शेजारी पाटावर बसलेल्या आईनं डोळे उघडले, मूर्तीकडे पाहिलं, तांदळांकडे पाहिलं आणि "बरं" एवढंच म्हटलं. बसची वेळ बदलली आहे असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं. हात जोडले, भिंतीला धरून उठली, उठल्यावर थांबून दोन श्वास जास्तीचे घेतले (ते हल्ली घ्यावेच लागत) आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "ऑपरेशन नको म्हणतेय देवी. पोहे खाणार ना सगळे?" बाहेरच्या खोलीत बाबांच्या हातातल्या पेपराची सळसळ थांबली.

वल्लरी बसून राहिली. हे शक्य नाही, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं की शक्य नाही असं नाही, चाळीसात तीन आहे. तिसरं यायच्या आत तिनं पंख्याचं बटण पुन्हा पाहिलं. ते बंदच होतं.

कौलाची ही रीत आईच्या माहेरची, सावंतवाडीकडची. वीतभर उंचीची काळ्या पाषाणाची ही देवी आईबरोबर लग्नात बंगळूरला आली आणि पुढे बसवनगुडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या ह्या घरात, फ्रीजशेजारच्या कोनाड्यात बसली. पिटकुळीचे, त्या लाल झुबकेदार फुलझाडाचे, दोन न उमललेले कळे पाण्यात बुडवून तिच्या दोन खांद्यांवर लावायचे. ज्याचा प्रश्न असेल त्यानं डोळे मिटून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे जे असेल ते तिला मनापासून सांगायचं आणि विचारायचं. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. उजवं-डावं देवीचं, बघणाऱ्याचं नव्हे. आणि कळे लावायचे ते घरातल्या लग्न न झालेल्या मुलीनं. गावी पिटकुळी परसात असते, इथं ती इमारतींच्या कुंपणाला चौकोनी कापून लावलेली असते, एवढाच काय तो फरक. वल्लरी सहाव्या वर्षापासून कळे लावत आली होती. बाबांनी बढतीवर हैदराबादची बदली घ्यावी का? डावा. हे घर घ्यावं का? उजवा. वल्लरीनं शिकायला पुण्याला जावं का? उजवा, पण फार वेळानं, तोवर दूध उतू गेलं होतं. सतराव्या वर्षी कधीतरी तिचा ह्यावरचा विश्वास गेला. गेला म्हणजे त्यासाठी काही भांडण किंवा पुस्तक लागलं नाही. दुधाचा दात पडतो तसा तो एक दिवस जागेवर नव्हता, आणि जीभ काही दिवस त्या खाचेत जात राहिली. पण बोटांना काम येत होतं, आणि आईला ह्या कामासाठी दुसरी मुलगी नव्हती.

आणि आज त्या बोटांनी मध लावला होता. डाव्या कळ्याच्या देठाशी काडीच्या टोकाएवढा मध, पाण्यात कालवून. उजव्याला नुसता ओलसर हात. ओल वाळली की कळा सुटतो, मध असला की धरून राहतो, ह्यात श्रद्धेचा काही संबंध नाही. पदार्थविज्ञान शिकून ती ज्या संस्थेत लागली होती तिथं वर्षभर हेच चाललं होतं : धुक्यातून पाणी गोळा करणारे पत्रे बनवायचे, त्यांवर थेंब सोडायचा, पत्रा तिरका करत जायचा आणि थेंब कुठल्या कोनाला सुटतो त्याचे फोटो काढायचे. कोणती गोष्ट कशाला किती वेळ चिकटून राहते ह्याबद्दल ह्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तरी तिनं उगाच धाडस केलं नाही. काल, शनिवारी दुपारी, आई-बाबा इस्पितळात तपासण्यांसाठी गेले, तेव्हा तिनं तीन तास ह्याच मूर्तीवर करून पाहिलं. चाळीस वेळा. वहीत तीन रकाने पाडले : क्रमांक, मिनिटं, बाजू. सदतीस वेळा उजवा पडला, तीन वेळा डावा. तिनं मूर्ती पुसली, तांदूळ बदलले, मधाची बाटली होती तिथं ठेवली, आणि आई दाराशी धापा टाकत बूट काढत होती तेव्हा तिच्यासाठी पाणी घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाची एक झडप दगडासारखी झाली आहे, ती बदलायला महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त थांबू नये. आई म्हणाली होती, तिला विचारते.

"एका नमुन्यावर अख्खा लॉट नापास?" पोह्यांची बशी हातात घेऊन बाबा म्हणाले. बाबा, म्हणजे विद्याधर, बत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. त्यांच्या सहीशिवाय तिथला एक खिळा बाहेर गेला नव्हता असं ते सांगत. "प्रमोदिनी, तीस वर्षं मी तुझ्या ह्या भानगडीत एक शब्द बोललो नाही."

"रोज बोलता."

"तुझ्या देवीला झडप म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"तुम्हाला तरी दिवाळीपर्यंत कुठं माहीत होती?"

"शंभरातले सत्त्याण्णव लोक घरी येतात. डॉक्टर म्हणाला ना तुझ्यासमोर?"

"आणि तिघं?" आई म्हणाली. "त्या तिघांच्या घरीपण कुणीतरी असंच बशी घेऊन सत्त्याण्णव सत्त्याण्णव म्हणत बसलं असेल. लिंबू देऊ?"

मग ते नेहमीच्या ठिकाणी आलेच. आईच्या वडिलांचं, अण्णांचं, हर्नियाचं ऑपरेशन. कौल डावा होता, तरी नेलं, टेबलावरून उठले नाहीत. बाबा म्हणाले, अण्णांना भूल मानवली नाही. आई म्हणाली, तेच देवी सांगत होती. बाबा म्हणाले, उजवा कौल घेऊन गेलेले किती जण परत आले नाहीत, त्याची नोंद कुणी ठेवली? आई म्हणाली, ठेवा की तुम्ही, तुमचा धंदाच तो. हे संवाद वल्लरीला नाटकासारखे पाठ होते. पूर्वी ती मधूनच बाबांच्या बाजूनं एखादं वाक्य टाकायची, बाबा खूश व्हायचे, आई म्हणायची, वा, कारखान्यात आणखी एक भरती. आज बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तू सांग तिला. तू शिकलेली आहेस." आणि वल्लरीला सांगण्यासारखं एकच माहीत होतं, चाळीसात तीन, तेच सांगता येत नव्हतं. आईनं तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. आई पोटभर खात होती. डिसेंबरपासून ती असं खात नव्हती. सुटल्यासारखं वाटतंय का तिला? तिला 'नाही'च हवं होतं का? की एकदाचं काहीतरी ठरलं, एवढ्यानंच भूक लागते माणसाला? वल्लरीला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही म्हणून आईकडे बघवेना.

जरा जाऊन येते, लॅबमध्ये एक रीडिंग राहिलंय, असं सांगून ती निघाली. बाबा दारापर्यंत आले. मागे पाहून, आवाज उतरवून म्हणाले, "कळे तूच लावतेस ना?"

"हो."

"मग तुला काही..." ते थांबले. ज्या माणसानं एका खिळ्यावर खोटी सही केली नाही तो माणूस चपलांच्या स्टँडकडे बघत उभा होता. "नाही, काही नाही. लवकर ये."

गांधी बझारात रविवारची गर्दी होती. कावेरी अक्का, जिच्याकडून आई तीस वर्षं फुलं घेते, शेवंतीच्या ढिगाआडून ओरडली, "काय वल्लरी, अम्मांचं आपरेशन कधी?" वल्लरी म्हणाली, ठरायचंय. अक्कानं हात हलवला. "करून टाका. माझ्या नादिनीचं, नणंदेचं, केलं, आता दोन जिने चढते." आणि लगेच पुढे, त्याच श्वासात, "मी दोड्ड गणपतीला नवस बोलून ठेवलाय." तिच्यात ह्या दोन गोष्टी कशा शेजारी शेजारी बसल्या होत्या, टोपलीत शेवंती आणि मोगरा बसतात तशा, एकीचा दुसरीला धक्का नाही. वल्लरीला क्षणभर तिचा हेवा वाटला आणि मग त्या हेव्याची लाज वाटली, कारण हेवा वाटण्यात थोडा तुच्छपणाही होता, हे तिला दिसलं. मेट्रोत बसायला जागा मिळाली. नॅशनल कॉलेजपासून यशवंतपूरपर्यंत ती काचेत स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिली आणि कारणं शोधत राहिली. कारण असणारच. आज रविवार, आईनं पहाटे, वल्लरी उठायच्या आधी, मूर्तीला दुधानं आंघोळ घातली असणार आणि मग खोबरेल तेलाचा हात फिरवला असणार, काळा पाषाण उजळतो म्हणून. काल मूर्ती कोरडी होती, आज तेलकट. तेलावर मधाचं पाणी धरणार नाही, गोळा होऊन घसरेल, आणि त्याच्या वजनानं डावा कळा खाली. उलट उजवा, जवळजवळ कोरडा, तो तेलालाच चिकटून बसला. झालं! इतकं सोपं होतं, सकाळीच कसं सुचलं नाही? तिला हसू आलं. संपिगे रोड स्टेशनपर्यंत ते टिकलं. मग वाटलं, उजवा पडला असता तर हे तेल मला आठवलं असतं का? नाही. मग कारण सापडलं म्हणायचं की मनाला जे हवं होतं ते दिलं म्हणायचं? आईनं अण्णांच्या मरणाला कारण दिलं, तसंच हे. तिचं तिला पुरतं, माझं मला. लहानपणी ती कळा लावून हात मागे घ्यायची तेव्हा देवीच्या चांदीच्या डोळ्यांत खिडकी उलटी दिसायची, आणि तिला वाटायचं, हिच्या डोळ्यांत दुसरं बंगळूर आहे. आज त्या डोळ्यांत बघायचं तिनं टाळलं होतं. मध लावताना. का टाळलं? दगड आहे असं ज्याला माहीत आहे तो दगडाची नजर कशाला चुकवतो?

लॅबमध्ये महांतेश होता, रविवारी तो असायचाच. चिकोडीकडचा, तिच्याहून चार वर्षांनी पुढचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, आणि मोजमापाच्या बाबतीत अख्ख्या मजल्यावर त्याच्याइतका खडूस कुणी नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं. मध ऐकल्यावर तो खुर्चीसकट मागे वळून हसला.

"देवीला फसवायलीस? तेही आपल्याच लॅबची विद्या वापरून? पेपरमध्ये माझं नाव घाल बाई."

"हसू नकोस. तेलामुळे झालं, मला माहीत आहे."

"माहीत आहे की वाटायलंय?"

"तपासू या म्हणून तर आले."

त्यानं मागच्या आवारातून कडप्पाचा एक तुकडा आणला, स्वतःच्या बॅगेतली खोबरेल तेलाची बाटली काढली. कुंपणाची पिटकुळी इथंही होती. दगडाला तेल पुसून दहा जोड्या एकदम लावल्या, डाव्या कळ्यांना चहाच्या कपाटातला मध; पाच मिनिटं, दहा मिनिटं, दोघं तोंडाशी हात धरून बसले, श्वासाचा वारा लागू नये म्हणून. सहा डावे पडले, चार उजवे.

"सहा-चार," महांतेश म्हणाला. "म्हणजे काहीच नाही. नाणं उडवल्यासारखं. तेल लागलं की तुझा मध चालत नाही, एवढंच कळालं. पण तेल होतं का तिथं, हे कुठं कळालंय? आईला विचारलंस?"

"तेल लावलं होतंस का, असं कसं विचारू? का विचारतेस म्हणेल."

"मग सांगून टाक की. लबाडी केली होती, कौल रद्द, परत लाव."

वल्लरीचं पेन वहीवर थांबलं. महांतेशचाही हात तेलाच्या बाटलीवर थांबला. दोघांना ते एकाच वेळी दिसलं असावं. तो हळू म्हणाला, "स्वल्प थांब. नाही सांगायचं. सांगितलंस तर काय म्हणेल ती? माझ्या लेकीनं मध लावला, उजवाच पडावा म्हणून सगळं केलं, तरी देवीनं डावाच दिला. मग तू डॉक्टर आण नाही तर कुणालाही आण. झालंच की सिद्ध."

"आणि तिचं काय चुकलं त्यात?" वल्लरीच्या तोंडून गेलं. "मी जरी असते तरी तेच... चाळीसात तीन, महांतेश. नुसत्या कौलात अर्धं-अर्धं असतं, त्याला काही अर्थ नाही. मी लबाडी करून त्याला अर्थ आणला." तिला एकदम हातपाय धुवावेसे वाटले. "तू कसं करतोस रे? दोन्ही?"

"मी कुठं काय सिद्ध करायलोय? आंघोळ झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसतोय. त्याला काय अधिक-उणेचा एरर बार लावू?" मग तो तिच्याकडे न बघता कडप्पा पुसू लागला. "आई घाबरल्या असतील गं. ते बघ आधी."

पण वल्लरीला परतीच्या वाटेवर आईचं भय दिसत नव्हतं, स्वतःचंच दिसत होतं, आणि तेही धड दिसत नव्हतं. तिला भीती कशाची होती? आई ऑपरेशन करणार नाही आणि उन्हाळ्याच्या आत एखाद्या जिन्यावर बसेल ती उठणार नाही, ह्याची. ही भीती स्वच्छ होती, तिला नाव होतं. पण तिच्या खाली दुसरी होती, आणि ती उचलून बघितली की तिच्या बुडाशी असं काहीतरी निघत होतं : आपण नेलं आणि ती त्या तिघांतली निघाली तर? तर मग अण्णांसारखंच होईल, आणि जन्मभर कुणीतरी पोहे खाताना म्हणेल, डावा होता, तरी नेलं. आणि ते म्हणणारी मी असेन. मी, जिला माहीत आहे की त्या कळ्याचा काही संबंध नव्हता. माहीत आहे? समोरच्या बाईच्या मांडीवर एक लहान मुलगी कुरकुऱ्यांचं पाकीट उलटं धरून त्यातला चुरा तोंडात पाडत होती. वल्लरीला वाटलं, माहीत असणं ही गोष्ट आपण समजत होतो तितकी कोरडी नाही. तिलाही काहीतरी लागतं, धरून राहायला.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर भिजवलेल्या अवरेकाळूचं, म्हणजे इथल्या पावट्याच्या दाण्यांचं, पातेलं. जानेवारीत बसवनगुडीत दुसरी भाजी असते हे कुणी मान्य करत नाही, आणि आईनं इथं येऊन जे काही मनापासून उचललं त्यात हे पहिलं : भिजलेला दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, की सालातून तो पुळकन निसटून ताटलीत पडतो. साल हातात राहतं. वल्लरी हात धुऊन समोर बसली आणि तीही सोलू लागली. बाबा खिडकीशी खुर्चीत होते, पेपर सकाळचाच. देवीपुढे दिवा लागला होता, आणि तिच्या उजव्या खांद्यावर तो कळा अजून होता. सुकून काळपट झालेला, पण होता. आईनं काढला नव्हता. उरलेला कळा आपणहून पडेपर्यंत काढत नाहीत.

"आई, सकाळी मूर्तीला तेल लावलं होतंस का?"

"हात फिरवला असेल. का गं?"

असेल. वल्लरीनं तीन दाणे सोलले. चौथा चिमटीतून उडून बाबांच्या खुर्चीखाली गेला. सांगू नये हे तिनं मेट्रोत पक्कं केलं होतं, का सांगू नये ह्याची कारणंही एकाखाली एक लावून ठेवली होती. आणि तिला ऐकू आलं की ती सांगते आहे. मध, काडीच्या टोकाएवढा. डाव्याला. काल दुपारी चाळीस वेळा करून पाहिलं, मग आज. तिचा आवाज तिला शाळेत प्रयोगाची वही वाचून दाखवतात तसा लागत होता. बाबांनी पेपर खाली घेतला. आईच्या हातातला दाणा मात्र थांबला नाही, पुळकन ताटलीत पडला, मग दुसरा.

"ह्याच मूर्तीवर?"

"हो."

"पारोशी?"

"नाही. आंघोळ झाली होती."

"नशीब." आणखी एक दाणा. "आणि मध लावूनसुद्धा डावा पडला."

"हो," वल्लरी म्हणाली. आता ते येणार होतं. महांतेशनं सांगितलेलं, झालंच की सिद्ध. तिनं टेबलाची कड धरली. "पण तेल होतं आई. तेलावर मध धरत नाही, आम्ही तपासलं. म्हणजे पूर्ण नाही तपासलं. सहा-चार आलं. त्यावरून काही म्हणता येत नाही. तू त्यावरून काही..."

"चाळीस वेळा," आई म्हणाली. "किती उजवे?"

"सदतीस. पण ते मोजायचे नाहीत, ते मी..."

"चाळीस वेळा कळे लावलेस ते काय विचारून?"

"काही नाही विचारलं. प्रयोग होता तो."

"काही न विचारता तीन तास बसलीस? तिच्यासमोर?" आईनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या कपाळावर घाम होता, बसल्या जागी. "कौल कळ्यात नसतो, वल्लू. कुंपणावर शेकडो कळे रोज पडतात, कुणी वाकून बघत नाही. गाऱ्हाणं घातलं की तो कौल. नाहीतर पाला. म्हणून विचारते, तुझ्या मनात काय होतं? काही नव्हतं तर तो पाला, आणि मग माझा एकच कौल, तो डावा. आणि काही असेल तर सांग."

बाबांनी श्वास आत घेतला. ते आता म्हणणार, नमुनाच दूषित आहे, मध लावलेले सदतीस काय आणि सदतीसशे काय. ह्या एका वाक्यासाठी त्यांचा सगळा जन्म गेला होता. वल्लरी वाट बघत राहिली. बाबांनी पेपराची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

काय होतं मनात? तिनं कालच्या दुपारी परत जाऊन बघायचा प्रयत्न केला. क्रमांक, मिनिटं, बाजू. खाली कुणाचा तरी कुकर. सातव्या वेळी कळा दोनदा लावावा लागला होता, ते आठवलं. अकराव्या वेळी उजवा पडेना, तेव्हा तिनं श्वास धरून ठेवला होता आणि छातीत दुखायला लागल्यावर वाटलं होतं, आईला जिन्यात असं होत असेल. नंतर, विसाच्या पुढे कधीतरी, ती कळा लावताना ओठ हलवत होती. पण ते आकडे असतील. एकवीस, बावीस. की नव्हते? पहिला डावा पडला तेव्हा तिनं लगेच लिहिलं नव्हतं, पेन हातात धरून बसली होती. कशासाठी? तिच्या वहीत ह्यासाठी रकाना नव्हता. काल कुणी विचारलं असतं, तू आत्ता काही मागते आहेस का, तर ती हसून नाही म्हणाली असती, आणि ते खरं असतं. आणि आज, आई समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत असताना, नाही हा शब्द तिला कुठंच सापडत नव्हता. आत्ता आईच्या चेहऱ्यावर बघत राहिलं तर कदाचित जे नव्हतं तेही आठवेल. आठवण ही काय नोंद आहे? आपल्याकडून काय हवं आहे हे साक्षीदाराला कळलं की साक्ष बिघडते, हे तिला शिकवलेलं होतं. आणि आईला काय हवं आहे हे तर तिला मुळीच कळत नव्हतं. 'हो' हवं आहे की 'नाही'? की आई फक्त विचारते आहे, खरंच, मुलीला, की तुला काय हवं होतं?

"विचारलं होतं," वल्लरी म्हणाली.

"काय?"

"तू परत येशील का."

हे वाक्य तिनं स्वतः ऐकलं. ते जुनं होतं की ह्याच क्षणी तयार झालं होतं, हे तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हाही तिनं एकदा तपासलं की हे कशाचं, खोटं बोलल्याचं की खरं. आईनं हात पदराला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. हात ओला होता, अवऱ्याच्या सालांचा वास येत होता.

"सदतीस वेळा म्हणाली येईल?"

"हो."

"आणि ते तीन?"

ह्याचं उत्तर मात्र वल्लरीला माहीत होतं. ते नको होतं, पण दुसरं नव्हतं. "ते राहतातच आई," ती म्हणाली. "कितीही केलं तरी ते राहतात."

आईनं एकदा देवीकडे पाहिलं. मग तिनं पातेलं जवळ ओढलं. "राहू देत. तेवढे तिचे," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळून, "अहो, उद्या फोन लावा त्या डॉक्टरांना. आणि तो एक दाणा तुमच्या खुर्चीखाली गेलाय, तेवढा द्या."

बाबा वाकून खुर्चीखाली शोधू लागले. त्यांना वर यायला एका दाण्यासाठी लागावा त्याहून बराच जास्त वेळ लागला. वल्लरीनं पुढचा दाणा चिमटीत धरला. समोर कोनाड्यात तो सुकलेला कळा अजून देवीच्या उजव्या खांद्याला धरून होता. तो पडू नये असं तिला वाटत होतं, की पडावा असं, तेवढं तरी आत्ताच्या आत्ता नक्की करून घ्यावं म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. पण दाणा चिमटीतच राहिला आणि तिला काही कळेना.